नखावरचा डाग

पडद्यावरच्या गुप्तहेराच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर एक काळा डाग होता. मसुराच्या डाळीएवढा. नखाच्या टोकाशी, आणखी दोनदा नखं कापली की निघून जाईल इतका वर सरकलेला. कॅमेरा त्या अंगठ्यावर मुद्दाम थांबला नव्हता. माणूस सिगारेट पेटवत होता, काडीच्या उजेडात बोटं दिसली, एवढंच. पण सूक्ष्मदर्शकात डोकं घालून घालून ज्योत्स्ना पिंपळकरच्या डोळ्यांना अशी खोडच लागली होती. अंगठा कशात तरी सापडून ठेचला असेल, आणि त्याला पाच महिने तरी होऊन गेले असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. अंगठ्याचं नख मुळापासून टोकाला यायला साधारण सहा महिने घेतं. ते घाई करत नाही आणि मागेही जात नाही.

“काय म्हनते तो?” शेजारून इंदुताईंनी कोपरानं ढोसलं.

“म्हणतो, काडी ओली आहे.”

“एवढं लांबलचक बोलला अन् काडी ओली?”

“खाली तेवढंच लिहिलंय, ताई.”

इंदुताई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर. पोलिश भाषा सभागृहात कुणालाच येत नव्हती. पण खाली पळणारी इंग्रजी अक्षरंही इंदुताईंच्या चष्म्याच्या हाती लागत नव्हती, म्हणून त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडमना धरून शेजारी बसवून घेतलं होतं. मांडीवर चिवड्याचा पुडा होता. पडद्यावर कुणी बोलायचं थांबलं की पुडा बोलायचा.

बाहेर मार्चचं ऊन होतं. चंद्रपूरचं मार्चचं ऊन म्हणजे इतर ठिकाणचा मे. कॉलेजच्या सभागृहाच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं आणि दोन मोठे कूलर चढावरच्या ट्रकसारखे घरघरत होते. पडद्यावर मात्र बर्फ पडत होता, आणि घामानं निथळणारी माणसं हातातल्या महोत्सवाच्या पत्रिकेनं वारा घेत तो बर्फ बघत होती.

सिनेमा सुरू होण्याआधी इंग्रजीचे विभागप्रमुख आणि महोत्सवाचे संयोजक डॉ. अजय वाटेकर माईकवर बोलले होते. “हा पोलिश चित्रपट आव्हानात्मक आहे. हा गुन्हेगार शोधत नाही, हा काळ शोधतो. तेव्हा तो कळला नाही, तर दोष चित्रपटाचा नाही, हे कृपया लक्षात ठेवावं.” लोक हसले होते. ज्योत्स्नाला हसू आलं नव्हतं. अजय सर वर्गातल्या मुलांशीही असंच बोलत, आणि सहकाऱ्यांशी तर याहून थोडं गोड.

पण सिनेमा तिला आवडू लागला होता, हे तिला कबूल करावं लागलं. कोळशाच्या खाणीचं गाव होतं. खाणीच्या मॅनेजरचा खून झाला होता आणि खाणीच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका बाईवर तो आळ होता. बाई दिसायला धड तरुण नाही, धड म्हातारी नाही. हात सतत ॲप्रनला पुसत राहायची, हात कोरडे असले तरी. आणि त्या गावातला बर्फ पांढरा नव्हता. पडता पडता राखाडी होत होता. ज्योत्स्ना घुग्घुसची, तेही कोळशाच्या खाणींचंच गाव. तिच्या लहानपणी आई दोरीवरचे वाळलेले कपडे आत आणण्याआधी दोनदा झटकायची, आणि तरी शाळेचा पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीत नव्हे, भट्टीत घालून आणल्यासारखा व्हायचा. पोलंड म्हणजे नेमकं कुठे, हे तिला नकाशा बघून सांगावं लागलं असतं. ते गाव मात्र ओळखीचं होतं.

खटला चालला होता. एकेक माणूस उठून त्या बाईबद्दल बोलत होता. मग गुप्तहेराला उभं केलं. न्यायाधीशानं विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? गुप्तहेर खिडकीकडे बघत राहिला. बराच वेळ. त्याचा डावा हात कठड्यावर होता आणि डाग तिथेच, नखाच्या टोकाशी.

“काय म्हनते?”

“काही नाही म्हणतो.”

“म्हंजे काहीच नाई म्हनत, का ‘नाई’ म्हनते?”

“सांगण्यासारखं काही नाही, असं म्हणतो.”

“त्याले माहीतच नसन काही बिचाऱ्याले,” इंदुताई म्हणाल्या आणि पुड्यात हात घातला.

बाईला घेऊन गेले. गुप्तहेर बर्फातून चालत स्टेशनवर गेला, आगगाडीत बसला, आणि पडदा काळा झाला. लगेच दिवे लागले. मागच्या खोलीतून सिनेमा लावणाऱ्या वारलूभाऊंचा आवाज आला, “इंटरव्हल! चाय घ्या!”

बाहेर कडुलिंबाखाली चहाचं टेबल होतं. ज्योत्स्ना कप घेऊन वळली तेव्हा सायकल स्टँडच्या पत्र्याखाली तिला रिना दिसली. रिना पुंगाटी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची, भामरागडच्याही आतल्या गावची माडिया मुलगी. शेजारी तिचे वडील कोलूभाऊ. खांद्यावर धुतलेला पंचा आणि पायांत कुणाचे तरी मोठे बूट. ते भिंतीला टेकले नव्हते. पूर्ण तास त्यांनी मागच्या रांगेत असंच ताठ बसून काढला होता, हे तिनं पाहिलं होतं.

“तू इथे कशी?”

“सचिवसाहेबांनी बोलावलं बाबाले,” रिना म्हणाली. “पिक्चर झाल्यावर भेटतो म्हणे. तोवर आत बसा म्हणाले.”

कोलूभाऊ मुलीला माडियात काहीतरी म्हणाले. मग ज्योत्स्नाकडे बघून अडखळत मराठीत, “साहेब भेटतीन ना, बाई? मोहा पडून राह्यला तिकडं. वेचाले कोनी नाई.”

“भेटतील,” ती म्हणाली. भेटून काय सांगतील, हेही तिला माहीत होतं. ते तिनं सांगितलं नाही.

“मॅडम, परीक्षेले बसू देतीन का मले?”

“बघू,” ज्योत्स्ना म्हणाली.

तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिला त्याची किळस आली. गेले कित्येक दिवस ती हाच एक शब्द वाटत फिरत होती. अजय सरांना बघू, सचिवांना बघू, नवऱ्यालाही बघू. आता या पोरीलाही.

झालं होतं ते असं. महिन्याच्या सुरुवातीला वसतिगृहातल्या मुलींना विषबाधा झाली. दुपारी मेसमध्ये कैरी किसून घातलेला फोडणीचा भात होता. भात आदल्या रात्रीचा होता, आणि कैरी त्याचा आंबूस वास झाकण्यापुरती, हे मुली दबक्या आवाजात सांगत होत्या. दिवस मावळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. शिळ्या भातात जे जंतू वाढतात ते पोटात गेल्यावर फार वेळ लावत नाहीत. ज्योत्स्ना हे दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवत होती. मुली दवाखान्यात गेल्या आणि देवाच्या दयेनं सगळ्या परत आल्या. तोवर मेसमधली पातेली घासून उपडी घातलेली होती. तपासायला शीतसुद्धा उरलं नव्हतं.

मेसचं काम संस्थेचे सचिव धनराजभाऊ यांच्या मेहुण्याकडे होतं.

चौकशी समिती नेमली. अजय सर, स्वतः धनराजभाऊ, आणि सायन्सचं कुणीतरी हवं म्हणून ज्योत्स्ना. समितीला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सापडली. तो भात चार मुलींनी खाल्लाच नव्हता. चौघीही भामरागडकडच्या, आणि त्यांत रिना मोठी, म्हणजे पुढारी. समितीनं तिला बोलावलं. का जेवली नाहीस? रिना म्हणाली, आमच्या गावात आंब्याचा पंडुम, म्हणजे सण, झाला नाही अजून. नवा आंबा आधी देवाला, गावाला. त्याच्या आधी तोंडात घालायचा नसतो, कैरीसुद्धा नाही. अजय सरांनी हे ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि ‘अन्नावर बहिष्कार’ असे शब्द लिहिले. ज्योत्स्ना म्हणाली, सर, बहिष्कार नाही, हा त्यांचा रिवाज आहे. सर म्हणाले, “मॅडम, त्या भागातल्या मुली आहेत. आपल्याला काय माहीत कुणी काय शिकवून पाठवलंय.”

त्याच दिवशी संध्याकाळी रिनाला मेसच्या स्वयंपाकघरात शिरताना मेसवाल्यांनी पाहिलं होतं. मग अहवाल आपोआप तयार झाला. विषबाधा दुपारच्या भातानं नाही, रात्रीच्या जेवणानं. रिना संध्याकाळी स्वयंपाकघरात शिरली, आणि त्यानंतर मुली आजारी पडल्या. निष्कर्ष: वसतिगृहातून आणि महाविद्यालयातून काढून टाकावे.

निशा, रिनाच्या खोलीतली मुलगी, हिला दवाखान्यात भेटायला ज्योत्स्ना गेली होती. निशा सलाईन लावलेल्या हातानं पांघरूण ओढत म्हणाली होती, “मॅडम, मले सगळ्यांत आधी उलटी झाली. बाहेर ऊन होतं तेव्हा. रिना मीठ-साखर आणाले पळाली खाली. पाणी करून तिनंच पाजलं मले.”

म्हणजे आधी उलटी, मग रिना स्वयंपाकघरात. दोन गोष्टी. दोन्ही खऱ्या. अहवालात फक्त त्यांच्या जागा बदलल्या होत्या.

आणि हे ज्योत्स्नाला माहीत असून तिनं काही केलं नव्हतं. ती नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे जितके तास तितके पैसे आणि सुट्टीत काही नाही. आता एक कायम जागा निघाली होती. मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि मुलाखत घेणाऱ्यांत धनराजभाऊ होते. “तुमचं काम झालंच समजा, मॅडम,” ते परवा म्हणाले होते आणि त्याच दमात, “सोमवारी ते अहवालाचं आटपून टाकू.” दोन वाक्यांच्या मध्ये त्यांनी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

“पिक्चर समजला का?” काहीतरी विचारायचं म्हणून तिनं रिनाला विचारलं.

“नाई,” रिना म्हणाली. “पन त्या बाईले काऊन कोनी काही विचारत नाई, मॅडम? सगळे तिच्याबद्दलच बोलून राह्यले अन् तिले कोनी विचारतच नाई.”

ज्योत्स्नानं चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच संपला होता.

“अरे, मॅडम!” अजय सर मागून आले. रिना आणि कोलूभाऊ त्यांना खांबासारखे दिसले, म्हणजे दिसले नाहीत. “कसा वाटतोय? जरा जड जातोय ना? पुढच्या भागात ठेवा धीर. आणि सोमवार विसरू नका.”

“नाही विसरत,” ती म्हणाली.

आत सगळे पुन्हा स्थिरस्थावर झाले. दिवे गेले. पडद्यावर अंधार, अंधारात गाडीचे दिवे, आणि मग भली मोठी पोलिश अक्षरं. सिनेमाचं नाव.

“नाव आत्ता!” पहिल्या रांगेतून अजय सरांचा आवाज आला. सगळ्यांना ऐकू जावा इतका मोठा. “अर्धा चित्रपट झाल्यावर शीर्षक! धाडस बघा!”

कुणीतरी कौतुकानं ‘वा’ म्हटलं.

गाडी खाणीच्या दारात थांबली. गुप्तहेर उतरला, मागे वळून काहीतरी काढायला वाकला, आणि आतल्या माणसानं दार आपटलं. गुप्तहेर ओरडला. डावा अंगठा दारात सापडला होता. आतला माणूस घाईघाईनं उतरून माफी मागू लागला. कोट, टक्कल, सोन्याचा दात.

“अवं बाई!” इंदुताई जवळजवळ उठल्याच. “हा तर मेला होता ना मघा! फोटो ठेवून फुलं नव्हती का वाह्यली याले?”

“हो.”

“मंग जित्ता कसा झाला?”

पुढच्या रांगेतून एक प्राध्यापक वळून म्हणाले, “ताई, हे फ्लॅशबॅक असतं.”

“असन बापा,” इंदुताई बसल्या. “आमच्याकडं मेलेला मानूस मेलेलाच राह्यते.”

ज्योत्स्ना पडद्याकडे बघत होती. गुप्तहेर नळाखाली अंगठा धरून उभा होता. रक्त धुतलं गेलं आणि नख दिसलं. मुळाशी, अगदी कातडीला लागून, एक लालकाळा डाग. पुढे काही दिवसांनी तो काळा झाला. पुढे काही आठवड्यांनी, गुप्तहेर कँटीनमध्ये त्या बाईसमोर बसून सूप पीत होता तेव्हा, डाग आणि कातडी यांच्यामध्ये नव्या नखाची एक बारीक गुलाबी कोर आली होती.

हा फ्लॅशबॅक नव्हता. ही सुरुवात होती. वारलूभाऊंनी सिनेमाचा दुसरा भाग आधी लावला होता आणि पहिला नंतर लावला होता.

आधी तिला हसू येऊ लागलं. अख्खं सभागृह, सूट घातलेले पाहुणे, इंग्रजी विभाग, धाडस बघा. तिनं ओढणी तोंडाला लावली. पण सिनेमा पुढे सरकत गेला तशी ओढणी खाली आली. कारण मॅनेजरचा खून झाल्यावर गुप्तहेर शोध घेत होता, आणि शहाणपणानं घेत होता. तो सगळ्यांशी बोलला. बाईशीही बोलला. तिनं ॲप्रनला हात पुसत पुसत त्याला सगळं सांगितलं, आणि त्यानं ऐकलं. गाव झोपेत असताना तो भट्टीवर काम करणाऱ्या म्हाताऱ्याला भेटला. खाणीच्या मालकाच्या मुलाला भेटला. शेवटी तो आपल्या टेबलाशी बसला, हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि सहकाऱ्याला म्हणाला, “मला कळलं आहे. मला सगळं कळलं आहे.” कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला. चित्र थिजलं. दिवे लागले.

टाळ्या पडल्या. मोठ्या पडल्या.

ज्योत्स्ना हातावर हात ठेवून बसून होती. मघाशी खिडकीकडे बघत राहिलेला माणूस तिला दिसत होता. सांगण्यासारखं काही नाही. मघाशी वाटलं होतं, बिचाऱ्याला माहीतच नसेल. त्याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. डाग टोकापर्यंत जाईतो, म्हणजे कित्येक महिने, तो ते पोटात घेऊन हिंडला, आणि विचारलं तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिला.

तिच्या कानशिलाशी काहीतरी ठोकत होतं. तो संताप आहे हे कळायला तिला जरा वेळ लागला. ती रागावत नसे. रागावण्याची तिला सवयच नव्हती. गुप्तहेराचा राग, अजय सरांच्या चष्म्याचा राग, न घेतलेल्या त्या श्वासाचा राग. आणि सगळ्यांच्या तळाशी, पातेल्याला लागलेल्या भातासारखा, स्वतःचा.

मंचावर खुर्च्या मांडल्या. चर्चासत्र. अजय सर म्हणाले, “ज्यांनी संयम ठेवला त्यांना शेवटी सत्य सापडलं. अंधारातून प्रकाशाकडे जाणारा हा चित्रपट आहे. आधी पराभव दाखवला, मग विजय. काळाची ही उलथापालथ हेच याचं सौंदर्य.” मग धनराजभाऊ बोलले. ते पांढऱ्या खादीत होते आणि त्यांना घाम येत नव्हता. “मी साधा मानूस आहे. मले एवढं कळलं का चौकशी करनाऱ्याची नियत साफ असली पाहिजे.” पुन्हा टाळ्या. मागच्या रांगेत कोलूभाऊंनीही वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

“कुणाला प्रश्न?” अजय सरांनी विचारलं.

ज्योत्स्नाचा हात वर गेला. इंदुताई म्हणाल्या, “मॅडम, बसा ना, उशीर होऊन राह्यला.” पण माईक तोवर तिच्याकडे आला होता.

“सर, सिनेमा उलटा लागला.”

“म्हणजे?”

“दुसरा भाग आधी दाखवला. शेवट मध्यंतराआधी झाला. त्याच्या अंगठ्याच्या नखावर डाग आहे. आधी दाखवलेल्या भागात तो टोकाशी आहे, नंतरच्या भागात मुळाशी. नख मुळापासून टोकाकडे वाढतं.”

हशा पिकला. चांगला मोकळा, घरगुती हशा.

“मॅडम सायन्सच्या आहेत,” अजय सर हसत हसत म्हणाले. “आम्ही आत्मा बघत होतो, त्या नख बघत होत्या.”

पुन्हा हशा. ज्योत्स्ना मागे वळली. “वारलूभाऊ, सिनेमा एका फाइलमध्ये आला होता की दोन?”

मागच्या खोलीच्या खिडकीतून वारलूभाऊंचं डोकं बाहेर आलं. “दोन होत्या ना, मॅडम.”

“पहिली कोणती हे कसं ठरवलं?”

“आता पोलंडचं मले का वाचता येते? यादीत वर होती ते पयली लावली. मंधात अंधार झाला, म्हनलं चाय देऊन टाकू.” ते थांबले. “काऊन, चुकलं का?”

या वेळी हशा वेगळा होता. तो अजय सरांच्या दिशेनं गेला. पहिल्या रांगेतले प्राध्यापक आपली पत्रिका बारकाईनं वाचू लागले. इंदुताई म्हणाल्या, “मी तं मघाच म्हनलं, मेलेला मानूस जित्ता कसा.” अजय सरांचा चेहरा तांबडा झाला. “वारलू, तू आत जा,” ते म्हणाले, आणि मग ज्योत्स्नाला, “बसा मॅडम. मुद्दा पोचला.”

धनराजभाऊंनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं. ते अशा वेळी फार समजूतदार दिसत. “जाऊ द्या ना, सर. मॅडम, तुमचं बरोबर असन. पन जरा मागचं पुढं झालं तं काय बिघडलं? गोष्ट तं तेच राह्यली. मानसं तेच, खून तोच. मागचं पुढं झाल्यानं काही फरक पडते का?”

“पडतो,” ज्योत्स्ना म्हणाली.

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. कूलरच्या घरघरीतूनही तो भिंतीवर जाऊन आदळला.

“आधी तो गप्प बसला आणि मग त्याला कळलं, असं दाखवलं तर तो भला माणूस ठरतो. तुम्ही आत्ता त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण त्याला आधी कळलं होतं आणि मग तो गप्प बसला. ती बाई त्याच्या डोळ्यांसमोरून गेली आणि तो खिडकीकडे बघत राहिला. माणसं तीच, भाऊ. खून तोच. आणि तो माणूस हलकट आहे.”

कुणी हसलं नाही. अजय सर मंचावरून उतरून तिच्या दिशेनं येऊ लागले होते, हात माईकसाठी पुढे केलेला, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू.

“मॅडम, बास. विषय चित्रपटाचा आहे.”

“इंदुताई,” ज्योत्स्ना शेजारी वाकून म्हणाली. माईक तिच्या हातातच होता, त्यामुळे ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. “त्या दिवशी रिनाला मीठ-साखर घ्यायला खाली कुणी पाठवलं होतं?”

इंदुताईंच्या हातातला पुडा चुरगळला. त्यांनी मंचाकडे पाहिलं, धनराजभाऊंकडे. मग मांडीकडे. “मले काऊन विचारता, मॅडम,” त्या पुटपुटल्या. “माही नोकरी आहे.”

“माझीही आहे.”

“म्यानंच पाठोलं होतं,” इंदुताई एकदम म्हणाल्या, रडवेल्या आणि चिडलेल्या. “पोरगी वकून राह्यली होती तं काय करू? म्यानंच म्हनलं, जा, खालून मीठ-साखर आन. आता झालं का समाधान?”

मागच्या रांगेत रिना उभी राहिली होती. कोलूभाऊ खालून तिच्याकडे बघत होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. पण आपल्या मुलीचं नाव त्या भोंग्यातून सगळ्यांना ऐकू गेलं एवढं त्यांना कळलं होतं, आणि ते घाबरले होते.

“हे समितीसमोर बोला,” धनराजभाऊ मंचावरून म्हणाले. आवाज अजून समजूतदारच होता, फक्त त्यातला ओलावा गेला होता. “सोमवारी. बंद खोलीत. मॅडम, पुढच्या महिन्यात तुमची मुलाखत आहे, याद आहे ना?”

“आहे.”

अजय सरांनी माईकला हात घातला. तिनं तो ओढून घेतला नाही, भांडली नाही, नुसता सोडला. तो त्यांच्या हातात गेला आणि एक कर्कश शीळ घालून बंद पडला. ज्योत्स्ना मागच्या रांगेकडे तोंड करून उभी राहिली. गेल्या कित्येक दिवसांत जे तिनं घरी, प्रयोगशाळेत, बसमध्ये, अंघोळ करताना मनातल्या मनात शंभर प्रकारे म्हणून पाहिलं होतं, आणि दर वेळी जे शेवटी ‘बघू’ होऊन बाहेर पडलं होतं, ते आता बिनमाईकचं म्हणायचं होतं.

“रिना स्वयंपाकघरात गेली ती निशाला उलटी झाल्यानंतर,” ती म्हणाली. “आधी नाही. त्या अहवालावर मी सही करणार नाही.”